ठिगळाची किंमत

४ ऑगस्ट २०१६. लास व्हेगासमधल्या पॅरिस हॉटेलात सात सुपरकॉम्प्युटर एकमेकांशी झुंजत होते आणि त्यांना बनवणाऱ्यांना मात्र नुसतं बघत बसायचं होतं. ना कीबोर्ड, ना इंटरनेट. सामन्याची माहिती बाहेर काढायची तीही डिस्कवर लिहून; ती डिस्क अलीकडून पलीकडे ठेवायला यंत्रमानवाचा हात.

खेळ मांडला होता 'डार्पा'ने. स्पुटनिकचा धसका घेतलेल्या अमेरिकेने १९५८ मध्ये उभारलेली ही लष्करी संशोधनसंस्था. संशोधनाला पैसा देण्याची तिची एक तऱ्हा म्हणजे शर्यत. २००४ मध्ये मोहावी वाळवंटात तिने विनाचालक गाड्या पळवल्या, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडी जेमतेम १२ किलोमीटरवर अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली. तोच डाव आता सायबर बचावात: अंतिम फेरी गाठणाऱ्या सातही संघांना साडेसात लाख डॉलर, विजेत्याला वर वीस लाख.

यंत्रांपुढे पूर्वी कधी न पाहिलेले प्रोग्राम टाकले जात, तेही मूळ सोर्स कोडशिवाय. त्यातलं भोक शोधायचं, प्रतिस्पर्ध्याच्या प्रोग्राममधून त्याच वाटेने आत शिरून दाखवायचं आणि आपलं भोक बुजवायचं. शोधायच्या रीती दोन. एक फझिंग: प्रोग्रामला वाटेल ते खायला घालायचं आणि कशाने उलटी होते ते बघायचं. दुसरी शाळेतल्या बीजगणिताची बहीण. खऱ्या आकड्याच्या जागी 'क्ष' धरायचा, प्रोग्रामच्या प्रत्येक वळणावर समीकरण मांडायचं आणि नेमका कोणता 'क्ष' त्याला खड्ड्यात घालतो ते सोडवायचं. पहिली आंधळी पण चपळ, दुसरी डोळस पण संथ. म्हणून दोघींना एकत्र नांदवावं लागतं.

मला मात्र सगळ्यात आवडला तो गुण देण्याचा नियम. ठिगळ लावलं की प्रोग्राम एका फेरीपुरता बंद, आणि ठिगळामुळे तो रेंगाळू लागला तर गुण कापले. औषध आजारापेक्षा महाग पडू नये, हे यंत्राला कळायला हवं होतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचं 'मेहेम' हा हिशोब करत होतं: हे भोक बुजवण्यात फायदा आहे की तसंच सोडण्यात? गंमत म्हणजे अर्ध्या वाटेवर मेहेम बिघडलं, पुढे जवळपास काहीच करेना, तरी जिंकलं. मिळवलेली आघाडी मोठी होती हे खरं. पण बाकीच्यांची लगबग त्यांनाच महाग पडत होती, हेही तितकंच खरं.

लगेच मेहेमला माणसांच्या हॅकिंग स्पर्धेत उतरवलं. पंधरा संघांत ते शेवटचं आलं. पहिला आलेला संघही कार्नेगी मेलनचाच!

यावर कुणी प्रयोग फसला म्हणेल. पैसे देणाऱ्यांनी तसं म्हटलं नाही. २०२० मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने मेहेम बनवणाऱ्या संशोधकांच्या कंपनीशी साडेचार कोटी डॉलरपर्यंतचा करार केला, लष्कराच्या वापरातलं सॉफ्टवेअर तपासायला.

डार्पाची सायबर बचावातली पुढची शर्यत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. या वेळी बरोबर भाषेची एआय मॉडेल्स होती, आणि खेळण्यातल्या प्रोग्रामांऐवजी जगभर वापरात असलेलं मुक्त सॉफ्टवेअर. जॉर्जिया टेकच्या पुढाकारातल्या 'टीम अटलांटा'ने चाळीस लाख डॉलर नेले. स्पर्धेत यंत्रांना दिलेल्या एका कामाचा सरासरी खर्च आला १५२ डॉलर. आयोजकांनी त्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम दोष पेरून ठेवले होते. यंत्रांनी त्यांतले बरेच शोधलेच, शिवाय कुणीच न पेरलेले आणखी १८ बाहेर काढले.