गोंदणातलं नाव

एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास होऊन इंटर्नशिपला आलेल्या मुलांना रुग्णाची गोपनीयता शिकवताना मी नियमांपासून सुरुवात करत नाही. पडद्यावर एक फोटो लावतो. रुग्ण खरी नाही. वॉर्डातल्या एका सिस्टरांनी बँडेज बांधून हात पुढे केलाय, गोंदण पेनानं काढलंय. चेहरा कुठेच नाही. ‘हा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला हरकत आहे का?’ बहुतेकांचं उत्तर असतं, ‘नाही सर, तोंड कुठे दिसतंय?’

मग शोधाशोध सुरू होते. आधी सापडतो मागच्या लॉकरवरचा केसपेपर. फोटो मोठा केला की आयपीडी नंबर सरळ वाचता येतो. नंतर खाटेचा नंबर, सलाईनच्या बाटलीवरच्या चिकटपट्टीवरचं आडनाव. गोंदण बहुधा सगळ्यात शेवटी दिसतं, आणि ते खेड्यातून आलेल्या एखाद्या मुलीच्याच लक्षात येतं. त्यात नवऱ्याचं नाव आहे. आमच्या ओपीडीत येणाऱ्या कितीतरी आज्यांच्या हातावर असं नाव असतं. रोज त्याच हातांना सुई टोचूनही ते आपल्या नजरेतून सुटतं.

हे सगळं झाकलं तरी फोटोखालची ओळ उरते: ‘मळणीयंत्रात पदर अडकला, दोन बोटं गेली, वय ३५.’ मुंबईत एवढ्यावरून कुणी ओळखणार नाही. तालुक्यात मात्र हा अपघात दुपारपर्यंत पारावर पोचलेला असतो. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ची नियमावली ओळख पटेल असा फोटो रुग्णाच्या परवानगीशिवाय छापू देत नाही. ओळख कुणाला पटते ते बघायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे: तिच्या शेजारणीला. २०२३च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या समाजमाध्यमांवरच्या वागणुकीसाठी वेगळे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. त्यामुळे शेजारणीची ही कसोटी मला जास्त उपयोगाची वाटते.

फोन बंद करा, असं मी सांगत नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखणारा माणूस येतो, इंटर्नला ईसीजी कळत नाही, तो फोटो काढून वरिष्ठांना पाठवतो. त्यानं जीव वाचतो. फक्त पट्टीवरचं नाव कापायचं, फोटो ग्रुपवर न टाकता एकाच माणसाला पाठवायचा, आणि काम झालं की गॅलरीतून काढायचा. इथे जवळजवळ प्रत्येकजण दचकतो, कारण फोटो आपोआप ऑनलाइन साठवला गेलेला असतो आणि घरातल्या टॅबवरही उघडतो. ती सेटिंग वर्गातच बंद करून घेतो.

तोंडी गोष्टी त्याहून अवघड. मी गावचा काका बनतो आणि विचारतो, ‘आमच्या आळीतली ती पोरगी तुमच्याकडे आहे म्हणे?’ ‘सांगता येणार नाही’ म्हटलं की काकाला उत्तर मिळालंच. ‘नाही’ म्हणणं खोटं. एका मुलीनं मात्र शांतपणे सांगितलं, ‘काका, वॉर्डात कोण आहे हे मी कुणालाच सांगत नाही. उद्या तुम्ही ॲडमिट झालात तरी सांगणार नाही.’ हे वाक्य मी सगळ्यांकडून म्हणवून घेतो. ती पोरगी गर्भपातासाठी आली असेल तर कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही तेव्हाच सांगतो. एचआयव्ही आणि मानसिक आजारासाठी २०१७चे स्वतंत्र कायदे आहेत.

सर्वात जास्त वेळ मी परवानगी कशी मागायची यावर देतो. केस दुर्मीळ असते, विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी असते, आणि बाई लगेच म्हणते, ‘घ्या की डॉक्टर, तुम्हाला नाही कोण म्हणणार?’ याला मी परवानगी मानत नाही. तिचं ड्रेसिंग आपल्या हातात आहे, आणि ते तिला पुरतं ठाऊक आहे. म्हणून फोटो कुठे जाणार, कोण बघणार, एकदा गेला की परत आणता येत नाही आणि नको म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, हे सगळं तिच्या बोलीत सांगायला लावतो. संध्याकाळच्या राऊंडला विचारायचं आणि उत्तर सकाळी घ्यायचं, म्हणजे रात्री तिला घरच्यांशी बोलता येतं. काही जणी सकाळी ‘नको’ म्हणतात, आणि त्या दिवशी ड्रेसिंग त्यांचंच आधी होतं.