मधला मुक्काम



लांबचा प्रवास आपल्या बीड जिल्ह्याला नवा नाही. दसरा-दिवाळी झाली की कोयता आणि बिऱ्हाड बांधून सांगली-कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जाणारी माणसे याच मातीतली. पण अलीकडे प्रवासाची आणखी एक तऱ्हा सुरू झाली आहे. कुणाचा मुलगा शिकून अमेरिकेला गेला, कुणाची लेक-जावई जर्मनीत, कुणी आखातात. कृषी खात्याच्या परदेश अभ्यास दौऱ्यावर जाणारे शेतकरी आहेत, हजला जाणारे आहेत. लेकीचे बाळंतपण जवळ आले की साठी ओलांडलेली आई डिंकाचे लाडू बांधून पहिल्यांदाच विमानात चढते, आणि तिला इंग्रजीचे दोन शब्दही येत नसतात. विमान वेळेवर सुटले तर काही अडचण नाही. लांबले, मध्येच कुठे उतरले, सामान राहिले, की मात्र माणूस भांबावतो. त्यासाठी हा लेख.

आधी एक घडलेला प्रसंग. १ डिसेंबर २०२४ रोजी गल्फ एअरचे विमान बहारीनहून इंग्लंडातल्या मँचेस्टरला निघाले. त्यात मुंबईहून बहारीनला येऊन विमान बदललेले पुष्कळ प्रवासी होते. वाटेत इंजिनात बिघाड झाला आणि विमान कुवेतला उतरवावे लागले. विमान सुखरूप उतरले, कुणाला इजा झाली नाही. खरा त्रास पुढेच होता. ज्यांच्याकडे ब्रिटिश किंवा युरोपचे पासपोर्ट होते त्यांना कुवेतचा व्हिसा जागेवर मिळून हॉटेलात नेण्यात आले, पण आपल्या लोकांना तो मिळेना, असे प्रवाशांनी सांगितले. त्यातच कुवेतमध्ये आखाती देशांची परिषद भरलेली, त्यामुळे हॉटेलेही भरलेली. साठेक भारतीय माणसे, त्यात बायका-पोरे, विमानतळावरच अडकून पडली. शेवटी भारतीय वकिलातीची माणसे आली, त्यांनी कंपनीशी बोलून विमानतळावरच्या विश्रामकक्षात सोय करवून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास विमान पुढे गेले.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की आपल्याकडे इंग्लंडचा व्हिसा असला तरी मधल्या गावाचा नसतो. कंपनी कितीही भली असली, हॉटेल द्यायला तयार असली, तरी त्या देशाने दाराबाहेर पाऊल टाकू दिले नाही तर ती काय करणार? म्हणून पोरगं तिकीट काढत असेल तेव्हा त्याला नुसते ‘किती पैसे पडले?’ एवढेच विचारू नका. ‘मधी कुठं उतरायचं, किती तास, आणि तिथं रात्र काढायची पाळी आली तर मला बाहेर सोडतील का?’ हे विचारा. काही देशांत तर नुसते विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो. हे नियम बदलत असतात, तेव्हा शेजारच्या माणसाला दोन वर्षांपूर्वी लागला नव्हता यावर विसंबू नये.

दुसरा प्रसंग २ एप्रिल २०२५ चा. लंडनहून मुंबईला येणारे व्हर्जिन अटलांटिकचे विमान, अडीचशेच्या वर माणसे. एक प्रवासी आजारी पडला म्हणून तुर्कस्तानात दियारबाकीर या गावी उतरवले. उतरल्यावर विमानाचीच तपासणी करावी लागली. हा तळ मुळात लष्करी, तिथे एवढ्या परदेशी लोकांची व्यवस्था कुठून असणार? माणसे चार तारखेला मुंबईला पोचली. या मुक्कामात लोकांची आणखी एक तक्रार होती. तिथल्या विजेच्या प्लगची भोके आपल्यापेक्षा वेगळी, फोन चार्ज होईनात आणि घरी खुशाली कळवता येईना. पाच-पन्नास रुपयांची गोष्ट, पण मुलगा मुंबईच्या विमानतळावर उभा असेल तर त्याच्या जिवाची काय अवस्था होत असेल! सगळ्या देशांत चालणारा एक जोडप्लग आणि बॅटरीचा पॉवरबँक जवळच्या पिशवीत असावाच. पॉवरबँक मोठ्या बॅगेत टाकू नये, तिथे त्याला बंदी आहे.

जवळच्या पिशवीचे निघाले म्हणून सांगतो. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या किमान आठ दिवसांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, अंगाजवळ ठेवा. पुष्कळ लोक औषधे मोठ्या बॅगेत भरतात आणि अंगाजवळच्या पिशवीत लोणच्याची बरणी. ती बरणी तपासणीत काढून घेतात, आणि मोठी बॅग भलत्याच गावी गेली तर गोळ्याही गेल्या. जोडीला एक कपड्याचा जोड, स्वेटर, आणि एका कागदावर लेकीचा पत्ता व फोन इंग्रजीत लिहून घ्या. फोन बंद पडला की तो कागदच बोलतो.

आता तिकिटाविषयी. मुंबई ते दुबई एका कंपनीचे स्वस्त तिकीट आणि दुबई ते अमेरिका दुसरीचे, असे दोन तुकडे जोडून आठ-दहा हजार वाचवायची काही मुलांना हौस असते. सगळे वेळेवर चालले तर वाचतात. पण पहिले विमान तीन तास लांबले आणि दुसरे निघून गेले, तर दुसरी कंपनी म्हणते, ‘तुम्ही आला नाहीत, तिकीट बुडाले.’ पहिली म्हणते, ‘आम्ही तुम्हाला दुबईला पोचवले, आमचे काम झाले.’ दोघींचेही कागदोपत्री बरोबर असते, आणि मधल्या मध्ये म्हातारा-म्हातारी. तोच सगळा प्रवास एका तिकिटावर, एकाच बुकिंग नंबरवर असेल, तर पुढचे विमान चुकल्यावर दुसऱ्यात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची. वयस्क माणूस एकटा जात असेल तर हा खर्च वाचवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच तिकिटाची दुसरी बाजूही आहे. बीडहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास. घाटात गाडी अडकली आणि मुंबईचेच विमान चुकले, तर तो उशीर आपला. पहिल्या टप्प्याला गैरहजर राहिले की पुढचे टप्पे, बहुतेक वेळा परतीचे तिकीटसुद्धा, रद्द होते. उशीर होणार असे दिसताच गाडीतूनच कंपनीला फोन करावा. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. आणखी एक. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. तिकिटावर कोणता लिहिला आहे ते ड्रायव्हरला नीट सांगा.

पावसाचे म्हणाल तर १६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत काय झाले ते पाहा. तिथल्या अल ऐन भागात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटरवर पाऊस झाला. आपल्या जिल्ह्याची वर्षाची सरासरीच साडेसहाशेच्या आसपास, त्यावरून कल्पना करा. दुबईच्या विमानतळावर पाणी साचले, दोन दिवसांत बाराशेवर विमाने रद्द झाली. अशा वेळी नुकसानभरपाई मागून मिळत नाही, कारण ते कंपनीच्या हातातले नव्हे. जेवणाची आणि मुक्कामाची सोय मात्र मागावी.

भारतातून सुटणाऱ्या विमानांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. विमानाच्या पल्ल्याप्रमाणे दोन ते चार तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-जेवण. देशांतर्गत विमानाचा उशीर सहा तासांच्या वर गेला तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत. चोवीस तासांच्या वर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारे विमान सहा तासांहून जास्त लांबले, तर हॉटेल. आपल्याकडची बरीच परदेशी विमाने रात्रीच सुटतात, म्हणून हे शेवटचे कलम लक्षात ठेवा. खिडकीवर आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा ‘उशिराचे कारण लिहून द्या’ असे शांतपणे म्हणणाऱ्याचे काम लवकर होते. युरोपातून परत निघालात आणि चूक कंपनीची असली, तर तिथल्या २००४ च्या कायद्याने अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाईचा हक्क आहे. जावयाला अर्ज करायला सांगा.

सामान आले नाही, तर विमानतळ सोडू नका. हे शंभरदा सांगितले तरी लोक ‘उद्या बघू’ म्हणून घरी जातात. काट्यावर गाडी रिकामी केली आणि वजनपावती न घेता घरी आलो, असे आपण कधी करतो का? बॅग देताना चिकटवलेली छोटी चिठ्ठी ही आपली पावती. ती दाखवून सामानाच्या खिडकीवर तक्रार नोंदवायची आणि तिचा नंबर घ्यायचा. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवायचे. एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असे धरतात. हे सगळे १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे. भारत त्यात २००९ साली सामील झाला. या करारात सामानाच्या भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४ अखेर वाढली, ती आजच्या हिशेबाने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास जाते. पण ही कमाल मर्यादा आहे. नुकसान किती झाले ते दाखवावे लागते. म्हणून बॅग भरताना उघडी ठेवून एक फोटो काढा, आणि दागिने, रोकड तिच्यात ठेवू नका.

दर वेळी दोष कंपनीचाच असतो असेही नाही. ५ मार्च २०२५ ला शिकागोहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान सुमारे दहा तास हवेत राहून पुन्हा शिकागोलाच उतरले. कारण काय, तर प्रवाशांनी संडासात प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, कपडे टाकले होते आणि बारापैकी आठ संडास तुंबले होते. आता यावर काय बोलावे!

ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. पायाने धडधाकट असलेल्यांना त्यात बसायची लाज वाटते, पण खुर्चीबरोबर जो माणूस येतो तो पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेतो. विमान लांबले, दार बदलले, तर ते त्याला आधी कळते. मात्र ज्याला खरोखर चालवत नाही त्याची खुर्ची अडू नये एवढे भान ठेवावे. परदेशात अडकलात तर भारतीय वकिलातीचा फोन वर सांगितलेल्या कागदावरच लिहून ठेवा.

आणि परत आल्यावर तक्रार करायची असेल तर मुंबईला खेटे घालायचे कारण नाही. आधी कंपनीला लेखी कळवा, मग सरकारच्या एअरसेवा या सेवेवर नोंदवा. तरी दाद मिळाली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या ग्राहक आयोगात अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची. सोबत तिकीट, बोर्डिंग पास, सामानाची चिठ्ठी, तक्रारीचा नंबर आणि अडकून पडलेल्या काळात स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाच्या पावत्या जोडाव्यात. चहाचीसुद्धा.