‘फोर-व्हील ड्राइव्ह’मधील खटका : डिफरन्शियल उघडण्यापूर्वी काय तपासावे?

मारुती जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. डोंगराळ भागांत, जंगल सफारीत आणि हौशी चालकांकडे ती अजूनही धावते. वय झालेल्या जिप्सीत एक तक्रार हमखास आढळते : क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच खालून ‘खट्’ असा आवाज येतो. पुष्कळदा दोष डिफरन्शियलच्या माथी मारून महागडे क्राउन-पिनियन बदलले जाते; खटका मात्र कायम राहतो.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असते. त्यामुळे तिच्यात तीन प्रोपेलर शाफ्ट असतात : एक गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस आणि तेथून दोन्ही ॲक्सलकडे एकेक. गिअरच्या दातांमध्ये थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. ती नसेल तर ते तापून जाम होतील. चाक स्थिर असताना शाफ्ट हाताने किंचित फिरतो तो या मोकळिकांच्या बेरजेमुळे. म्हणून एकूण ‘प्ले’ किती, यापेक्षा तो कोणत्या सांध्यात वाढला, हे शोधावे लागते.

गाडी सपाट जागी बंद करून, चारही चाकांना ठोकळे लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. प्रथम युनिव्हर्सल जॉइंटच्या दोन्ही बाजू धरून विरुद्ध दिशांना पिळाव्यात. चांगल्या क्रॉसमध्ये येथे हाताला जाणवेल असा ढिलेपणा नसतो. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतील सुई-बेअरिंग कोरडे पडले असे समजावे. हा दोष लांबणीवर टाकू नये. धावत्या गाडीत पुढचे टोक सुटून शाफ्ट रस्त्यात रुतला, तर घाटात गाडी सावरणे कठीण.

शाफ्टच्या सरकत्या सांध्यातील खाचा कोरड्या पडल्या तरी गाडी थांबताना वा सुटताना खटका येतो. ग्रीस भरल्यावर तो गेला, तर खर्च तेवढाच. पिनियनची फ्लँज थोडी फिरणे स्वाभाविक आहे, पण ती वर-खाली हलली तर बेअरिंग गेले.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ते ट्रान्सफर केसचे रबरी माउंटिंग. रबर फाटले की जोर येताच संपूर्ण केस पिळवटते आणि आवाज थेट क्रॉससारखा येतो. पहारीने हलका रेटा दिला की भेगा उघड्या पडतात.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावून वळताना येणारे झटके हा वेगळाच प्रकार. जिप्सीला मधला डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि शाफ्टमध्ये ताण साचतो. यात दोष चालवण्याच्या पद्धतीत असतो. मात्र सवय राहिली, तर वरील सर्व सांधे त्याची किंमत मोजतात.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी. सरकत्या सांध्याची जोडणी एखाद्या खाचेने जरी चुकली, तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि खटक्याच्या जागी थरथर सुरू होते.