काळी, पांढरी आणि इमारतीचा पाया
जबलपूरच्या परिसरात मदनमहालचा ग्रॅनाइट, भेडाघाटचा संगमरवर, लम्हेटाघाटचे गाळाचे खडक आणि दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली काळी माती अल्प अंतरावर आढळतात. तेथे पाया घालण्यापूर्वी प्रश्न उभा राहतो तो नामकरणाचा. भारतीय मानक १४९८ (१९७०) मातीचे नाव तिचे कण व वर्तन यांवरून ठरविते. निम्म्याहून अधिक माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गळाली, तर ती सूक्ष्मकणी. तिची द्रवसीमा, म्हणजे ती वाहू लागते तेव्हाचे पाण्याचे प्रमाण, ५० टक्क्यांहून अधिक असल्यास ती उच्च सुघट्यतेची. काळी माती बहुधा याच वर्गात मोडते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हलक्या बांधकामाच्या भिंती तडकविते. खडकाचेही केवळ नाव पुरत नाही. त्यातील सांधे व झीज नोंदवावी लागते.

हा भेद लोकभाषेस अपरिचित नाही. मराठीत शेतजमीन ती ‘काळी’ आणि गावठाण ते ‘पांढरी’. पीक एकीकडे, घर दुसरीकडे. शहरे वाढली, घरे काळ्या जमिनीवर आली आणि हा विवेक मागे पडला. २२ मे १९९७ च्या भूकंपानंतर जबलपूरचे भूकंपीय सूक्ष्मविभाजन करण्यात आले. त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता : कोणत्या घराखाली कोणती भूमी आहे?