पहिल्या वर्षाचा निकाल हा अखेरचा निवाडा नव्हे

दरवर्षी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे निकाल लागतात आणि आपल्या वस्त्यांतील काही घरांमध्ये सुतकी शांतता पसरते. वर्षभरापूर्वी ज्या मुलाच्या सत्कारासाठी बुद्धविहारात मंडप पडला होता, चौकात ज्याचे फ्लेक्स लागले होते, तो अ‍ॅनाटॉमीत किंवा फिजिऑलॉजीत नापास झालेला असतो. आईवडील ही गोष्ट नातेवाइकांपासून लपवतात. मुलगा सुटीत घरी यायचे टाळतो. आणि सत्कार करणारे आपण कार्यकर्ते पुढच्या वर्षीच्या सत्काराच्या याद्या करण्यात गुंतलेले असतो. हाराला शंभर हात आणि आधाराला एकही नाही, ही गोष्ट चळवळीला शोभणारी नाही.

आपली मुले पहिल्याच वर्षी का अडखळतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. नीटची प्रवेश परीक्षा आता मराठीतूनही देता येते. परंतु प्रवेश मिळाल्यावर वर्गात, पुस्तकात आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजीच असते. नीटमध्ये चारपैकी एका पर्यायावर खूण करायची असते. एमबीबीएसच्या परीक्षेत मात्र सविस्तर उत्तरे लिहावी लागतात, आकृत्या काढाव्या लागतात आणि परीक्षकासमोर उभे राहून तोंडी उत्तरे द्यावी लागतात. दोन वर्षे क्लासमध्ये केवळ पर्याय निवडण्याचा सराव केलेल्या मुलाला हे सारे एका वर्षात शिकावे लागते. ज्याच्या घरी काका डॉक्टर आणि मावशी प्राध्यापक आहे, त्याला कोणते पुस्तक वाचायचे, कोणता प्रश्न नेहमी येतो, हे जेवणाच्या ताटावर कळते. ज्याच्या कुटुंबात तोच पहिला पदवीधर होणार आहे, त्याने कोणाला विचारायचे?

याखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते उघडपणे बोलले पाहिजे. दिल्लीच्या एम्समधील जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. दिल्लीच्याच वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजमध्ये अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी फिजिऑलॉजी या एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास होत होते. त्याची चौकशी राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने डॉ. भालचंद्र मुणगेकर यांच्याकडे सोपवली. २०१२ च्या त्यांच्या अहवालाने तेथील जातिभेदावर शिक्कामोर्तब केले. प्रत्येक नापासामागे जातच असते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे विद्यार्थ्याच्याही हिताचे नाही. परंतु नापास झालेला प्रत्येक मागासवर्गीय विद्यार्थी 'कोट्यातला' म्हणूनच नापास झाला, असे म्हणणाऱ्या द्रोणाचार्यांना हे दोन अहवाल दाखवण्याचा आपला हक्क आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदवी शिक्षण विनियमांनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पहिले वर्ष उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुख्य निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण होणारा विद्यार्थी आपल्याच बॅचसोबत पुढे जाऊ शकतो. म्हणजे निकालानंतरचे हे थोडके आठवडे सोन्याच्या मोलाचे असतात. नेमके तेच आठवडे आपली मुले खोलीचे दार लावून रडण्यात घालवतात. पुरवणीची संधी हुकली की वर्ष जाते, इंटर्नशिप लांबते आणि तिची अखेर नीट-पीजीच्या पात्रतेच्या तारखेपलीकडे गेली तर पदव्युत्तर प्रवेशाचेही वर्ष हातचे जाऊ शकते. म्हणून पहिला सल्ला हाच की, पुरवणीचा अर्ज वेळेत भरा.

दुसरा सल्ला वकील म्हणून देतो. आपण कुठे कमी पडलो हे अंदाजाने ठरवू नका, उत्तरपत्रिका पाहा. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत मिळवण्याचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात दिला आहे. विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे मुदतीत अर्ज करा. प्रत हाती आली की तुम्ही लेखीत मागे पडलात, प्रात्यक्षिकात की तोंडीत, हे गुणपत्रकाशी ताडून पाहा. लेखीत चांगले आणि तोंडीत सातत्याने कमी असे चित्र एकाच गटातील अनेक विद्यार्थ्यांचे असेल, तर ते सर्वांनी मिळून लेखी स्वरूपात अधिष्ठात्यांसमोर मांडावे. तोंडी तक्रारीची कुठेच नोंद राहत नाही. हजेरीची अटही विसरू नका. लेखी तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. नापासानंतर लाजेपोटी वर्ग चुकवणारा विद्यार्थी स्वतःच्या हाताने पुढचा दरवाजा बंद करतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक पालकांना ठाऊकच नसते. मुलगा पहिल्या वर्षी नापास झाला, म्हणजे त्याचे एमडी-एमएसचे स्वप्न संपले, असा सरसकट समज आहे. हा समज चुकीचा आहे. आपल्या देशात पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादी नीट-पीजीच्या गुणांवर लागते. पहिल्या वर्षी किती प्रयत्न लागले, हे त्या २०० प्रश्नांची परीक्षा विचारत नाही. उलट त्यात अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे पहिल्या वर्षाचेच विषय पुन्हा येतात. ज्याने तो विषय पडून पुन्हा मुळापासून वाचला, त्याचा पाया घोकून पास झालेल्यापेक्षा पक्का असू शकतो. अखिल भारतीय कोट्यातील पदव्युत्तर जागांवर अनुसूचित जाती-जमातींना २००७ पासून आणि ओबीसींना २०२१-२२ पासून आरक्षण लागू झाले आहे. या जागा कोणी दान दिलेल्या नाहीत, त्या लढून मिळालेल्या आहेत. आपला विद्यार्थी पहिल्याच वर्षी खचून बाहेर पडला, तर त्या जागेपर्यंत पोहोचणार कोण?

परदेशात निवासी डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या अर्जासोबत महाविद्यालयाचे गुणपत्रक जाते आणि तेथील परवाना परीक्षेत अपयश आले असेल तर तेही दिसते. तेव्हा सुरुवातीचे अपयश लपवण्याच्या फंदात पडू नये. काय घडले आणि त्यानंतर काय सुधारले, हे थोडक्यात आणि खरे लिहावे. पुढच्या वर्षांचे चांगले गुण हाच त्यावरचा पुरावा असतो.

गुणवत्तेचा बाऊ करणाऱ्यांसाठी आणखी एक दाखला देतो. २० जानेवारी २०२२ रोजी नील ऑरेलिओ नुनेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येणार नाही. गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भात पाहिले पाहिजे. हा निर्णय नीटच्याच जागांबाबतचा होता, हे विशेष.

आणि बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घरातले आहे. १९२२ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, फेरलेखन करायला सांगितले. तोवर पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईला परतले, प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. आपले निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत आणि लिखाणाकडे पाठही फिरवली नाही. परत आलेल्या कागदाचे काय करायचे, हे यावरून शिकावे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, सत्कार जरूर करा; परंतु सत्काराच्या यादीसोबत प्रत्येक विद्यार्थ्याचा फोन नंबरही ठेवा आणि पहिल्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी तो फिरवा. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आपले वरच्या वर्गातील विद्यार्थी आहेत, शहरात आपले डॉक्टर आहेत. पुरवणीपूर्वीच्या आठवड्यांत एका डॉक्टरने एका विद्यार्थ्याची रोज तासभर तोंडी परीक्षा घेतली, इंग्रजीत उत्तर लिहून घेतले, तर त्याला पैसा लागत नाही, फक्त वेळ लागतो. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचे काय होणार, हे समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारून देण्याचे काम एखादा वकील करू शकतो. आणि पालकांनो, निकालाच्या रात्री मुलाला पहिला प्रश्न गुणांचा विचारू नका. तो जेवला का, ते विचारा. बाकीच्या प्रश्नांना चार प्रयत्न आहेत. आपले लेकरू मात्र एकच आहे.