आजीला सगळं येत होतं, मग नारू कुठून आला?

इंदूर-देवास-धारकडच्या आपल्या मराठी घरांत शाश्वत जीवनशैलीच्या मोफत वर्गांचा विषय काढून पाहा. उत्तर ठरलेलं आहे : "त्यात काय शिकायचं? आमच्या आजीला हे सगळं येत होतं." आजीचा मानही राहतो आणि वर्गाला जायचंही टळतं. हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा नीट तपासून पाहू.

आधी पाणी. पायऱ्यांच्या बारवेचे फोटो हल्ली कौतुकाने फिरतात. त्याच पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय बुडवत आणि नारूच्या रोगाचा फेरा चालू राही. रोग्याच्या पायातला कृमी पाण्यात अळ्या सोडे, त्या सायक्लॉप्स या बारीक जलजीवाच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून साधारण वर्षभराने हातभर लांबीचा कृमी बाहेर पडे. हेही आजीच्याच काळातलं. उपाय होता दुहेरी फडक्यातून पाणी गाळण्याचा आणि रोग्याला पाण्यात उतरू न देण्याचा. फडकं घरोघरी होतं. ते कशासाठी वापरायचं हे गावोगाव शिकवावं लागलं. इंदूरमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या बरली संस्थेने ग्रामीण, आदिवासी बायकांना हेच शिकवलं. झाबुआ जिल्ह्यातल्या ३०२ गावांतल्या या कामासाठी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिला 'ग्लोबल ५००' सन्मान दिला. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

आता चूल. तिच्यावरची भाकरी खमंग लागते, वादच नाही. पण घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. आजी फुंकणी घेऊन खोकत असे, ते आठवणींच्या लेखात सहसा येत नाही.

"निदान कंपोस्ट तरी आपलंच ना?" काही अंशी. शेण उकिरड्यावर जाई आणि बरंचसं गोवऱ्या होऊन जळे. १९२४ मध्ये इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड (हो, आपले वाड!) यांनी ओला-सुका कचरा, शेण, माती, ओलावा आणि हवा यांचं प्रमाण प्रयोग करून बसवलं. ढीग तीनदा पालटला की तीन महिन्यांत खत तयार. चिनी शेतकऱ्यांकडून काय घेतलं, हे हॉवर्ड मोकळेपणाने सांगत. १९३१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं, जगाने 'इंदूर पद्धत' उचलली, १९३५ मध्ये गांधीजी ती संस्था पाहून गेले. आणि त्याच माळव्यातले आपण बादलीत सगळी ओली सालं कोंबतो, वर घट्ट झाकण लावतो आणि आठवड्याने "कंपोस्टला घाण वास येतो" म्हणून जाहीर करतो. वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. सुका पालापाचोळा मिसळा, झाकणाला भोकं पाडा. वर्गात सांगतात ते एवढंच, पण ते कळलेलं असावं लागतं.

देवासच्या पाण्याची गोष्ट तर आजीच्या आवाक्याबाहेरची. तिच्याकडे विहीर आणि मोट होती; बोअर मारायचं यंत्र नव्हतं. आपल्याकडे ते आलं आणि "आणखी खोल गेलं की पाणी लागतंच" हा नवा समज रुजला. खाली काळा बेसॉल्ट आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. पाऊस मुरला नाही तर खोल जाऊन पैसे बुडतात. १९९० मध्ये देवास शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्यायला पटवलं, तेव्हा चित्र पालटू लागलं. पटवणं म्हणजेही शिकवणंच. याच जिल्ह्यात बागलीकडे समाज प्रगती सहयोगचं पाणलोट प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याला नाव आहे बाबा आमट्यांचं.

बाकीचे समज किरकोळ आहेत. "सौर कुकर पावसाळ्यात चालत नाही" : खरं आहे, पण म्हणून कुणी तुम्हाला गॅस विकायला सांगत नाही. "त्यावर पोळी होत नाही" : पेटीच्या कुकरवर होत नाही, वरण-भात होतो, जास्त आच हवी तर तबकडीचा घ्या. "ओलं-सुकं वेगळं केलं की झालं" : कचरा वेगळा झाला, कमी झाला नाही. "हे बायकांचं काम" : यावर वेळ घालवत नाही.

राहिला शेवटचा : "फुकट आहे म्हणजे काहीतरी भानगड असणार." इंदूरजवळ सनावदियाला जिम्मी मॅकगिलिगन सेंटर आहे. बरली उभी करणाऱ्या जनक पलटा मॅकगिलिगन तिथे सौर स्वयंपाक, सेंद्रिय शेती, होळीसाठी पळसाचे रंग असं सगळं विनामूल्य शिकवत आल्या आहेत. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भानगड शोधायचीच असेल तर स्वतः जाऊन शोधा. देवासहून इंदूर पस्तीसेक किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. लांबच्या नात्यातल्या मुंजीला आपण याहून दूर जातो.