फॅक्टरी इन्स्पेक्टर नेमकं काय बघतो?

गव्हाणीत मोळी पडली की कोरेगाव तालुक्यात हंगाम सुरू. पण त्या गव्हाणीच्या साखळीला गार्ड आहे का, हे बघणारा सरकारी माणूस वेगळाच असतो. त्याचं खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. बॉयलरचं बाष्पके संचालनालय निराळं; आपल्या मेकॅनिकलवाल्यांचाही इथे घोळ होतो!

1948 च्या कारखाने अधिनियमाची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 च्या संहितेने घेतली. आता इन्स्पेक्टरने तपासणीबरोबर सल्लाही द्यायचा. कुठल्या कारखान्यात जायचं, ते संगणकाने ठरवण्याची सोयही आहे. मला हे अर्धंच पटतं. ओळखीपाळखीला चाप बसेल, पण जिथे खरा धोका तिथेच नंबर लागेल असं थोडंच आहे?

आत आल्यावर तो रजिस्टरं तपासतो, फोटो आणि नमुने घेतो, कामगारांना विचारतो. जिवाला धोका दिसला तर लेखी हुकमाने काम थांबवू शकतो. कसूर होऊन कामगार दगावला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडातला निदान निम्मा वारसांना देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं.

साहेब येणार म्हणून आदल्या रात्री बसवलेला गार्ड नटबोल्टवरच्या ताज्या रंगावरून ओळखू येतो. इनप्लांट ट्रेनिंगला गेलात तर जरूर बघा. आणि तिथल्या कामगारांना हेही सांगा, की जिवावरचा धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवायचा हक्क संहितेच्या कलम 14 ने त्यांना दिला आहे.